उलंगवाडी ते लग्नसराई

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या कास्तकाराच्या घरी पैसा बारा महिने येत नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं जातं आणि त्यातून सोंगणीची मजुरी, मळणीयंत्राचं भाडं, किराण्याची उधारी भागते. त्यानंतर कापसाचे वेचे. पहिल्या वेच्यापासून जानेवारी-फेब्रुवारीतल्या उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या वेच्यापर्यंत, चुकारे तुकड्यातुकड्यांनी हाती पडतात. 31 मार्चला पीककर्ज भरायची मुदत येते, तिच्या पाठोपाठ लग्नसराई, आणि मांडव उतरतात न उतरतात तोच मृगाआधीची बियाण्या-खताची खरेदी. ‘खर्च कमी करा, उरेल ते कर्जात भरा’ हा सल्ला ज्याने प्रथम दिला असेल त्याला दर एक तारखेला पगार मिळत असावा. इथे दर महिन्याला काही उरायचा प्रश्नच येत नाही. वर्षाचं कर्ज फिटणार की फिरणार हे उलंगवाडी आणि लग्नसराई यांच्यामधल्या आठ-दहा आठवड्यांत ठरतं, आणि त्या आठवड्यांत दारात एकाच वेळी दोन तगादे उभे असतात: एक घेणेकऱ्याचा, दुसरा सोयऱ्याधायऱ्यांचा. दुसऱ्याला नाही म्हणा, असं जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सोयऱ्यांचा तगादा दोन प्रकारचा असतो. त्यातला एक प्रकार कर्ज फेडायला हातभार लावतो, आणि कर्जात अडकलेली घरं नेमका तोच आधी तोडतात.

आधी जुना आरोप तपासून घेऊ. शेतकरी लग्नात, तेरवीत, सणावारात पैसा उडवतो म्हणून कर्जबाजारी होतो, हे सांगणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, कर्जखतं जाळली, आणि लोण अहमदनगरपर्यंत गेलं. सरकारने दख्खन दंगे आयोग नेमला. आयोगासमोरही हाच आरोप होता. इंग्रज अधिकाऱ्यांना कुणब्याच्या लग्नातला खर्च डोळ्यांत खुपत असे. पण चौकशीनंतर आयोगाने जे नोंदवलं ते आरोपाच्या उलट होतं. ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च जास्त दिसतो हे खरं, पण असे प्रसंग क्वचित येतात, अनेक वर्षांवर तो पसरला तर माणसाने सुखसमारंभावर करावा त्याहून तो फार जास्त भरत नाही, आणि कर्जाचं कारण म्हणून त्याला वाजवीपेक्षा महत्त्व दिलं गेलं आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. बापजाद्यांकडून आलेलं कर्ज, बेभरवशाचा पाऊस, ताठर सारा आणि सावकाराच्या बाजूने झुकणारी कोर्टं ही कारणं आयोगाला मोठी वाटली. 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा या चौकशीतून आला. दीडशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा आजच्या यवतमाळ जिल्ह्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ज्या सरकारला शेतकऱ्याला उधळ्या ठरवण्यात स्वतःचा फायदा होता, त्याच्याच आयोगाने हे लिहिलं, ही गोष्ट साधी नाही.

आयोगाचा मुद्दा आजच्या आकड्यांत मांडून पाहू. पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून 3 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज शून्यावर येतं. खाजगी, बिनपरवाना सावकाराकडे महिन्याला शेकडा तीन हा दर चालतो, म्हणजे वर्षाला 36 टक्के. अडचण मोठी असेल तर शेकडा पाच, म्हणजे 60 टक्के. शेकडा तीनने घेतलेल्या 1 लाखाचं नुसतं व्याज वर्षाला 36 हजार होतं. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. त्या भावाने पावणेपाच क्विंटलहून जास्त कापूस व्याजातच जातो, म्हणजे कोरडवाहू रानातल्या एका चांगल्या एकराचं सगळं पीक. मुद्दल जागच्या जागी. अशा घराला ‘चहा सोडा, सिनेमा सोडा’ सांगण्यात काय हशील? त्याची पहिली काटकसर व्याजाच्या दरात व्हायला हवी. जे कर्ज शेकड्याने चाललं आहे ते चुकाऱ्याच्या पहिल्या तुकड्यातून फेडणं, आणि बँकेचं कर्ज 31 मार्चच्या आत भरून जूनमध्ये पुन्हा उचलण्याचा हक्क शाबूत ठेवणं, या दोन गोष्टींइतकी बचत कुठल्याही उपासातून होत नाही.

मग समारंभाचा खर्च निर्दोष ठरतो का? तसंही नाही. इथेच फरक करायला हवा, आणि त्यासाठीचा पुरावा विदर्भातच आहे. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात कान्झरा नावाचं गाव आहे. हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेने 1975 पासून सुमारे दहा वर्षं तिथल्या निवडक घरांची मिळकत, पेरणी, खर्च, देणंघेणं यांची बारीक नोंद ठेवली. सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि तेलंगणातलं औरेपल्ले ही सोबतची दोन गावं. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 मध्ये या नोंदींवरून एक प्रश्न विचारला: एखाद्या घराचं पीक बुडालं तर त्या घराचं खाणंपिणं किती कमी होतं? अपेक्षेपेक्षा खूप कमी, असं उत्तर आलं. घराचा खर्च त्याच्या स्वतःच्या मिळकतीपेक्षा साऱ्या गावाच्या सरासरीबरोबर जास्त हलत होता. म्हणजे एकाचं बुडालं की उसनवारी, धान्याची देवघेव, भाऊबंदांची मदत अशा नाना वाटांनी गाव त्याचा काही भार उचलत होतं. तीनपैकी एका गावात भूमिहीन घरं या आधारात मागे पडत होती, हेही त्यातच दिसलं. त्याआधी 1989 मध्ये मार्क रोझेन्झवाइग आणि ओडेड स्टार्क यांनी याच गावांवरून दाखवलं होतं की लेकी दूरच्या गावांत दिल्यामुळे सोयरिकीचं जाळं वेगवेगळ्या पावसाच्या मुलखांत पसरतं, आणि अशा घरांचा खर्च वाईट वर्षात कमी डगमगतो. इकडे पाऊस दगा देतो तेव्हा इवायाच्या गावी तो पडलेला असू शकतो.

आता हे जाळं टिकतं कशावर, ते पाहा. विजयेंद्र राव यांनी दक्षिण भारतातल्या खेड्यांचा अभ्यास करून 2001 मध्ये मांडलं की सणसमारंभात भाग घेणाऱ्या, त्यावर खर्च करणाऱ्या घरांना गावात मान तर मिळतोच, शिवाय त्यांना जेवणाची आमंत्रणं जास्त येतात आणि धान्य-किराणाही तुलनेने स्वस्त पडतो. दुकानदार ओळखीच्या, चार लोकांत ऊठबस असलेल्या माणसाला वेगळा भाव लावतो, हे सांगायला अभ्यास कशाला, असं कळंबच्या बाजारात कोणीही म्हणेल. अभ्यासाचा उपयोग इतकाच की हा फायदा मोजता येण्याइतका असतो, हे त्यातून कळतं. आपल्याकडची आहेराची वही याच व्यवहाराचा कागद आहे. मांडवाच्या तोंडाशी कुणीतरी टेबल टाकून बसतो, नाव आणि रक्कम लिहितो, आणि पुढे त्या घरी कार्य निघालं की वही उघडून तेवढंच किंवा थोडं वाढवून परत केलं जातं. ही बिनव्याजी, बिनमुदतीची भिशी आहे. अलीकडे पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ छापायची पद्धत पडली आहे. सुस्थितीतल्या घरांनी ती पाळली तर सभ्यता दिसते. पण अडीअडचणीच्या घरानेही मोठेपणासाठी ते छापलं, तर त्याने आजवर भरलेले हप्ते सोडून दिले असाच त्याचा अर्थ होतो.

म्हणून सामाजिक खर्चाच्या दोन भागांना एकाच मापाने कापणं चुकीचं आहे. दुसऱ्याच्या कार्याला जाणं हा एक भाग: साक्षगंध, लग्न, बारसं, तेरवी, पोळ्याला एकमेकांकडे जाणं, रोडग्यांच्या जेवणाला बोलावणं आलं की हजर राहणं. हा खर्च वारंवार येतो पण लहान असतो. स्वतःच्या घरचं कार्य हा दुसरा. ते क्वचित निघतं पण खर्च प्रचंड. समजा, एका लग्नसराईत एका घराने वीस लग्नांना हजेरी लावली आणि आहेर, प्रवास धरून प्रत्येकी 300 रुपये गेले. ते झाले 6 हजार. त्याच घराने स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी शेकडा तीनने 3 लाख उचलले, तर वर्षाचं व्याज 1 लाख 8 हजार. एका वर्षाच्या व्याजात अठरा लग्नसराया निघतात! आणि तरीही हात आखडायची वेळ आली की घरं पहिल्या भागाला कात्री लावतात, कारण तो रोज दिसतो, खिशातून नोट काढावी लागते. ‘या वेळी नाही जमणार’ म्हणणं सुरू होतं. कृषी केंद्राची उधारी थकली म्हणून बाजारातला रस्ता बदलला जातो, मांडवात घेणेकरी भेटेल म्हणून लग्नच टाळलं जातं. दोन-तीन सराया अशा गेल्या की जे लोक दहा-वीस हजार हातउसने देऊ शकले असते त्यांच्याशी बोलणं उरत नाही, आणि पुढची अडचण थेट शेकडा पाचच्या दारात नेऊन उभी करते. उलट हजर राहणं आता पूर्वीपेक्षा स्वस्त झालं आहे. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा ते कळंब रेल्वे सुरू झाली, त्यामुळे देवळी-वर्ध्याकडच्या सोयऱ्यांकडे जायला आणखी एक वाट झाली. चौघांनी भाड्याची गाडी करून जाण्याऐवजी घरातल्या एका बाईने एसटीने जाऊन आहेर लिहवला, तर नातं तेवढंच राहतं. कमी होतो तो फक्त रुबाब. आणि सासू किंवा सून एकटी घराच्या वतीने मांडवात बसते, यात माझ्या मते काही वाईट नाही.

खरी आडकाठी दुसऱ्या भागात आहे, आणि तिथला आक्षेप जोरदार आहे. मुलीचं लग्न साधं करायला बाप तयार असतो, पण समोरच्यांना चालत नाही. एकट्या घराने मानपान कमी केला तर त्याची किंमत मुलीला मोजावी लागते, बहिणीच्या सोयरिकीवर सावट येतं. हा आक्षेप मला मान्य आहे. श्रीजित मिश्रा यांनी 2006 मध्ये यवतमाळसह पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास केला, तेव्हा 111 घरांपैकी सुमारे 87 टक्के घरांवर कर्ज होतं, 34 टक्के घरांत मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाची चिंता होती, आणि 36 टक्क्यांच्या आसपास घरांत समाजातली पत घसरल्याची जाणीव नोंदली गेली. यातलं कुठलंही एक कारण एकटं नव्हतं. बहुतेक घरांत अनेक ताण एकत्र साचलेले होते. पण लग्न आणि पत हे व्यक्तीने एकट्याने सोडवायचे प्रश्न नाहीत, एवढं त्यातून नक्की दिसतं. आपल्याकडच्या सुधारकांनी ते आधीच ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 पासून कमी खर्चाची लग्नं लावली ती संघटनेच्या बळावर. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनातून ‘कर्ज काढून सण करू नका’ सांगत, तेव्हा समोर सारं गाव बसलेलं असे. ऐकणाऱ्याला ठाऊक असे की शेजाऱ्यानेही तेच ऐकलं आहे, आणि या सामाईक ऐकण्यातच त्या उपदेशाची ताकद होती. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनीही साध्या आणि सामुदायिक विवाहाचा आग्रह धरला.

सरकारने हाच धागा पकडून सामूहिक विवाहांना अनुदान देणारी शुभमंगल योजना आणली. ती गरजेची आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. अनुदान गरिबालाच मिळणार असेल तर त्या मांडवात उभं राहणं म्हणजे आपली गरिबी चौकात जाहीर करणं होतं, आणि जी पत जाईल या भीतीने कर्ज काढलं जातं तिलाच धक्का बसतो. ज्या मांडवात शिक्षकाचा, अडत्याचा, सरपंचाचा मुलगाही त्याच अक्षतांनी बोहल्यावर चढतो तो मांडव गरिबाचा राहत नाही. म्हणून कर्ज फेडणाऱ्या घराला सगळ्यात मोठी मदत ज्यांच्यावर कर्ज नाही तेच करू शकतात, स्वतःचं कार्य लहान करून. कर्जमुक्तीच्या पुस्तकांत हे फारसं लिहिलेलं नसतं, कारण ती पुस्तकं कर्जदारासाठी लिहिलेली असतात.

दुसरा आक्षेप आणखी मुळाशी जातो. सोयाबीनचा हमीभाव 4,892 असताना त्याच 2024-25 च्या हंगामात बाजारात भाव त्याखाली रेंगाळला. असं असताना आहेर आणि वरातीची चर्चा म्हणजे दोष पुन्हा शेतकऱ्याच्याच माथी मारणं नव्हे काय? भाव, सिंचन आणि हवामान यांची जागा काटकसर घेऊ शकत नाही, यात वाद नाही. पण भावाचं उत्तर दिल्ली-मुंबईत ठरायला वर्षं लागतात, आणि शेकडा तीनचं व्याज दर महिन्याला चढतं. दोन्ही लढायांचा काळ वेगळा आहे. शिवाय माझं म्हणणं कमी जगा असं नाहीच. महाग पैसा आधी फेडा आणि माणसांत जाणं चालू ठेवा, एवढंच आहे. कर्जमाफीची वाट पाहणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. 2008, 2017 आणि 2019 मध्ये माफी आली, पुन्हाही येईल. पण ती मुख्यतः बँका आणि सोसायट्यांच्या कर्जाची असते. 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या परवानाधारक सावकारांकडचं कर्ज शासनाने भरलं, तेव्हाही बिनपरवाना सावकाराची चिठ्ठी त्यात बसली नाही. माफीच्या आशेने थकबाकीदार झालेल्याचं नवं पीककर्ज अडतं, आणि जूनमधली गरज तर थांबत नाही. ती कुठे जाते हे सांगायला नको.

बिनपरवाना सावकाराशी व्यवहार करणाऱ्याला कायद्याची एक बाजू ठाऊक असावी. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला दिलेल्या तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारण कर्जावर 12 टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी पंधरा वर्षांच्या आत जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि तालुक्याला त्यासाठी सहायक निबंधकाचं कार्यालय असतं. लोक तिथे जात नाहीत, कारण सावकार बऱ्याचदा गावातलाच, कधी नात्यातलाच असतो. ही भीड मोठी असते. पण ज्याचे चार लोकांशी संबंध तुटलेले नाहीत त्याला ती कमी जड जाते, आणि मध्यस्थही मिळतो.

मग फेड कोणत्या क्रमाने करायची? गणित सांगतं, सर्वांत महाग कर्ज आधी. बहुतेक वेळा ते बरोबरच आहे, पण त्याला मी एक अपवाद करीन. मेहुण्याकडून, मित्राकडून घेतलेले हातउसने बिनव्याजी असतात म्हणून गणितात ते शेवटी जातात. प्रत्यक्षात त्यांच्यावर नात्याचं व्याज चढत असतं. त्यांना चुकाऱ्यातून पाच-दहा टक्के का होईना, दरवर्षी, न मागता, घरी जाऊन द्यावेत, आणि बाकीचे कधी देणार ते सांगावं. लहान रकमेने मोठी वाट उघडी राहते. बाईच्या नावावरचं मायक्रोफायनान्सचं कर्ज वेगळं आहे. त्याचा दर बहुधा वीस ते सव्वीस टक्के असतो आणि हप्ता चुकला की गटातल्या बाया तगादा लावतात. एकूण हप्ते घराच्या मासिक मिळकतीच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. पण महिन्याची मिळकतच नसलेल्या घराला तो कसा लावणार हा प्रश्न उरतोच. बचत गटात शेकडा दोनने उचलल्यास दर कागदावर तेवढाच दिसतो, मात्र ते व्याज गटातच राहून वाटणीत परत येतं. महाग कर्ज फेडायला गटातून उचलणं म्हणून शहाणपणाचं ठरू शकतं. मांडवाची सजावट वाढवायला उचलणं मात्र नव्हे.

कळंबहून यवतमाळला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या पगारदार तरुणाचा हिशेब निराळा आहे. त्याला दीड-दोन वर्षं कडक वागून गाडीचे आणि मोबाइलचे हप्ते संपवता येतात, कारण त्याचं पीक बुडत नाही. धाब्यावरच्या पार्ट्या सोडल्याने त्याचं काही बिघडणार नाही. मित्रांना तो कारण सांगू शकत असेल तर. कारण लपवलं तर मात्र तो दरवेळी नवी सबब शोधतो आणि शेवटी कंटाळून एखाद्या वेळी सर्वांचं बिल स्वतःच भरतो.

राहिला एक प्रश्न, आणि तो लग्नसराईतच उभा राहतो. कर्ज फेडत असलेल्या घरी एखादा सोयरा येतो आणि सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहायला सांगतो. आहेर 200 चा, भाडं 100 चं, सही मात्र फुकट, असं वाटतं. 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि धनको आधी कोणाला धरायचं हे स्वतः ठरवू शकतो. सोयऱ्याचा हप्ता थकला की नोटीस दोघांच्या दारी येते, आणि जूनमध्ये स्वतःचं कर्ज मागायला गेलेल्याला जुन्या सहीची आठवण करून दिली जाते. अशा घराने सही नाकारावी आणि त्याच सोयऱ्याच्या घरच्या लग्नाला आदल्या दिवसापासून जाऊन वाढपाला उभं राहावं. सोयरा सहीबद्दल रागावेल. वाढपाला आलेल्या माणसाशी फार काळ रागावणं त्याला जमणार नाही.